रत्नागिरीची ट्राम

रत्नागिरीत ट्राम कधीच नव्हती, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे. मथळ्यावरून कुणाची वेगळी समजूत झाली असेल तर त्याने खुशाल पान उलटावे. माझी काही तक्रार नाही. आमच्या गावाची जमीनच अशी आहे की, परमेश्वराने ती करताना चढउतार तेवढे आधी उरकले आणि सपाटीचे काम कोकणातल्या गवंड्यासारखे 'उद्या येतो' म्हणून टाकले. बंदरावरून निघालेला माणूस थिबा राजाच्या राजवाड्यापर्यंत चढेस्तोवर सायकलवर बसलेला कमी आणि सायकल हातात धरून चाललेलाच जास्त दिसतो. असल्या गावात रूळ टाकायला कोण येतो?

तरीसुद्धा मथळा मी हट्टाने तसाच ठेवला आहे. वस्तू कुठल्या गावात आहे एवढ्यावरून ती कुणाची ते ठरत नसते. मे महिन्यात क्रॉफर्ड मार्केटात हापूसच्या पेट्यांच्या राशी लागतात. म्हणून त्याला कुणी 'क्रॉफर्ड मार्केटचा हापूस' म्हणतो काय? मुंबईच्या ट्रामचेही तसेच आहे. ती धावली मुंबईत. पण तिच्या हँडलवर, तिच्या घंटेवर आणि तिच्या तिकिटांच्या पिशवीवर ज्यांचे हात होते, त्यांच्यातले पुष्कळ हात आमच्याकडचे. १९११ च्या शिरगणतीत मुंबईतल्या दर पाच माणसांत एक माणूस रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. (तेव्हाचा जिल्हा म्हणजे आत्ताचा सिंधुदुर्ग धरून. १९८१ साली आम्ही वाटण्या केल्या.) गिरणीत, गोदीत, पोलिसात, शेठजीच्या स्वयंपाकघरात, जिथे म्हणून उभ्याने करायचे काम होते तिथे रत्नागिरीचा माणूस होता. ट्रामचे काम तर उभ्यानेच करायचे.

आणि गंमत अशी की, ह्या सबंध जिल्ह्यात रुळाचा एक तुकडा नव्हता. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. कोकण रेल्वे पुरी झाली २६ जानेवारी १९९८ रोजी. म्हणजे मुंबईची गाडी रत्नागिरीला यायला सुमारे एकशे पंचेचाळीस वर्षे लागली. ह्या मधल्या काळात आमच्याकडचा माणूस पडावातून आगबोटीवर चढायचा, रात्रभर डेकवर ओकाऱ्या काढायचा, सकाळी मुंबईच्या धक्क्यावर उतरायचा आणि आयुष्यात पहिल्यांदाच रूळ पाहायचा. महिन्या-दोन महिन्यांनी तोच माणूस अंगात खाकी चढवून त्याच रुळांवरून विजेची गाडी हाकायचा. ह्याला आमच्यात कुणी पराक्रम म्हणत नाही. 'चिकटला' म्हणतात.

असेच एक चिकटलेले गृहस्थ म्हणजे माझ्या आजीचे थोरले भाऊ. नात्याने ते माझे मामाआजोबा; पण आमच्या घरात आणि वाडीत त्यांना सगळे 'ट्रामआजोबा'च म्हणत. १९१२ च्या सुमाराला ते चिकटले आणि १९४५ मध्ये सुटले. ट्रामचा इतिहास मी पहिल्यांदा ऐकला तो त्यांच्याकडून, आणि तो सगळा तोंडी आणि बराचसा पायाने. पायाने म्हणण्याचे कारण पुढे येईल.

मुंबईत ट्राम आणण्याची कल्पना एका अमेरिकन कंपनीची. साल १८६५. तेव्हा मुंबईत पैसा इतका झाला होता की, तो ठेवायला जागा नव्हती. तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला. लोक गाद्या उसवून कापूस विकत होते असे सांगतात. ज्याच्या हातात पैसा आला त्याने शेअर घेतले, आणि बॅकबेचा समुद्र बुजवायच्या कंपनीचे शेअर तर समुद्र जागच्या जागी असतानाच गगनाला भिडले. अशा ह्या शहराकडे पाहून अमेरिकन कंपनीने घोड्याच्या ट्रामचा परवाना मागितला, तो मिळालाही. तेवढ्यात अमेरिकेतले युद्ध संपले. कापूस कोसळला, शेअर कोसळले, प्रेमचंद रायचंदांसारख्या कापसाच्या राजाचेही दिवाळे वाजले आणि ट्रामची योजना कागदावर राहिली. अमेरिकेत शांतता झाली म्हणून अमेरिकन कंपनी बुडावी, असा योग पत्रिकेत क्वचितच असतो.

पुढे १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी निघाली आणि ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम खरोखरच धावली. कुलाब्यापासून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत एक फाटा, बोरीबंदरपासून काळबादेवीवरून पायधुणीपर्यंत दुसरा. काम स्टर्न्स आणि किट्रेज ह्या दुकलीचे. त्यांच्या पागेत सुरुवातीलाच नऊशे घोडे होते म्हणतात. मी वाचलेल्या बहुतेक वृत्तान्तांत हा घोड्यांचा आकडा पहिल्याच पानावर सापडतो. माणसे किती होती, हे मात्र पाने चाळून शोधावे लागते. घोड्यांना चंदी द्यावी लागे, म्हणून त्यांचा हिशेब ठेवलेला असावा. माणसे आपली आपण जेवत.

भाडे तीन आणे ठेवले होते. तिकीट नव्हते. नुसते पैसे द्यायचे आणि बसायचे. लोकांना ही सोय आवडली. विशेषतः तिच्यातला दुसरा भाग. ट्राम भरभरून जाऊ लागली तसे भाडे उतरवून दोन आणे केले. मग फुकट्यांची संख्या वाढते आहे असे दिसल्यावर कंपनीने त्याच वर्षी तिकिटे काढली. म्हणजे विनातिकीट प्रवास आधी आला आणि तिकीट मागाहून आले. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे उलट क्रमाने का सांगतात, हे मला कळलेले नाही.

घोड्याच्या ट्रामची अडचण घोड्यातच होती. घोडा उभा असला तरी खातो. मुंबईच्या उन्हात दिवसाचे चार-पाच तास ओढले की त्याला सोडावा लागतो आणि त्या जागी दुसरा जुंपावा लागतो. शिवाय रस्त्यावर तो जे काही मागे ठेवून जातो त्याचा बंदोबस्त म्युनिसिपालिटीने करायचा. वीज उभी असताना काही खात नाही. ही गोष्ट कंपनीच्या ध्यानात यायला पंचवीस वर्षे लागली, पण त्याबद्दल तिला दोष देण्यात अर्थ नाही. विजेचा मुंबईतला पायगुणच वाईट होता. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात आणि काही रस्त्यांवर विजेचे दिवे लावले होते. वर्षभरात ते लावणारी ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीच विझली. मार्केट पुन्हा गॅसच्या उजेडात मासळी निवडू लागले.

विजेच्या ट्रामची सुरुवात झाली जर्मनीत, १८८१ साली बर्लिनजवळच्या लिख्टरफेल्डे गावात. करणारा वेर्नर सीमेन्स. त्याने तारबीर काही न लावता एका रुळातून वीज सोडली आणि दुसऱ्यातून परत घेतली. गाडी छान चालली. पण रूळ ओलांडताना एका रुळावर पुढचा आणि दुसऱ्यावर मागचा पाय पडला की घोड्यांना झटका बसे. आपल्या जागी कोण येणार हे घोड्यांना अशा रीतीने आगाऊ कळवण्यात आले. पुढे अमेरिकेत रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेग नावाच्या इंजिनिअरने १८८८ मध्ये वीज तारेतून डोक्यावरून नेली आणि गाडीच्या टपावरून एक लांब काठी तारेला टेकवली. तेव्हापासून जगभर ट्राम म्हणजे काठी आणि तार, हे ठरून गेले. आपल्याकडे मद्रासने सगळ्यांच्या आधी ७ मे १८९५ रोजी विजेची ट्राम काढली, लंडनच्याही आधी. पण मद्रासकरांनी तार डोक्यावरून न नेता जमिनीखालच्या नाळीतून नेली होती. ही युक्ती पाऊस येईपर्यंत चांगली चालली. पुढे त्यांनाही तार वर टांगावी लागली. कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारले असते तर त्याने फुकट सांगितले असते की, नाळ म्हटली की ती पावसाळ्यात भरायचीच. १९०२ मध्ये कलकत्त्याची विजेची ट्राम निघाली. मुंबईचा नंबर तिसरा.

तिसरा म्हणजे आजच्या नकाशाप्रमाणे. त्या वेळच्या नकाशात ब्रह्मदेशही हिंदुस्थान सरकारच्याच अमलात होता, आणि तिथे मंडाले शहरात १९०४ सालीच विजेची ट्राम सुरू झाली होती. आता मंडाले म्हटल्यावर रत्नागिरीच्या माणसाला गप्प बसवत नाही. मंडालेचा राजा थिबा १८८६ पासून आमच्या रत्नागिरीत कैदेत होता. त्याच्या राजधानीत ट्राम खणखणत फिरू लागली तेव्हा तो इथे भाड्याच्या बंगल्यात बसून समुद्राकडे पाहत होता. राजवाडा तयार व्हायला १९१० साल उजाडायचे होते. दुसरीकडून १८५६ साली आमच्या रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना सरकारने १९०८ मध्ये उचलले आणि नेऊन ठेवले ते नेमके मंडालेत. म्हणजे ज्या गावी ट्राम होती त्या गावचा राजा ट्राम नसलेल्या गावात, आणि ट्राम नसलेल्या गावचा सुपुत्र ट्राम असलेल्या गावात. बसायला दोघांनाही मिळाले नाही. ब्रिटिश सरकारचा बंदोबस्त चोख असे म्हणतात, तो असा.

मुंबईला मात्र एवढा उशीर झाला तो कोर्टकज्ज्यामुळे. ह्या भागात माझे मन विशेष रमते, कारण इथे मुंबई अगदी कोकणासारखी वागली. ठरावीक मुदत संपली की ट्राम विकत घ्यायचा हक्क म्युनिसिपालिटीला कायद्यानेच दिलेला होता. ती मुदत १९०१ मध्ये भरत होती. १८९९ साली कंपनीने अर्ज केला, की आम्ही विजेची ट्राम घालतो, पण पैसा फार लागणार, तेव्हा तुम्ही तुमचा हक्क सोडा. म्युनिसिपालिटीने विचार केला, की आपला हक्क ज्याअर्थी हा मागतो आहे त्याअर्थी त्याच्यात काहीतरी असलेच पाहिजे. म्हणून ती म्हणाली, हक्क सोडत नाही, उलट आम्हीच घेतो. झाले! घ्यायला गेल्यावर कायद्याच्या अडचणी उभ्या राहिल्या. सामाईक फणसाच्या एका फांदीसाठी आमच्याकडे दोन घरे तीन पिढ्या कोर्टात जातात, आणि तोवर फणस वानर खातात. इथे वानर साता समुद्रापलीकडून आले. ब्रश इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग नावाच्या विलायती कंपनीने मध्यस्थी करून ७ ऑगस्ट १९०५ रोजी तिहेरी करार केला. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज ही नवी कंपनी उभी राहिली आणि जुनी ट्राम तिने साडेअठ्ठ्याण्णव लाख रुपयांना घेतली. शहराला वीज द्यायचा मक्ताही तिलाच मिळाला. हीच पुढची 'बेस्ट'.

वाडीबंदरला कोळशावर चालणारे वीजघर बांधले. त्याची ताकद ४,३०० किलोवॅट. त्यावर ट्राम चालायची. आज मुंबईतल्या दोन-चार बड्या सोसायट्यांतले एअरकंडिशनर एका दुपारी एकदम लावले तर तेवढी वीज संपेल.

आणि ७ मे १९०७ रोजी संध्याकाळी साडेपाच वाजता म्युनिसिपालिटीच्या कचेरीसमोरून फुलापताकांनी सजवलेली पहिली विजेची ट्राम निघाली आणि क्रॉफर्ड मार्केटपर्यंत गेली. हे अंतर पायी दहा मिनिटांचे आहे. आत मोठमोठी मंडळी बसली होती. मोठ्या मंडळींना दहा मिनिटांच्या अंतरासाठी वाहन लागते ही गोष्ट तेव्हापासूनची आहे.

ट्रामआजोबा ह्या समारंभाला नव्हते. तेव्हा ते वाडीत गुरे राखत होते. पण ट्राम चालते कशी, हे त्यांनी मला ओसरीवर बसून जेवढे स्वच्छ समजावले तेवढे पुढे कुठल्या पुस्तकाने समजावले नाही. "हे बघ," ते सुपारी कातरता कातरता म्हणत, "वरच्या तारेतून वीज काठीनं खाली येते. खाली मोटर. मोटर फिरवून झाली की वीज चाकातून रुळात, आणि रुळातून परत घरी. पाटाचं पाणी कसं, आगर शिंपून झालं की पुन्हा वहाळात?" मग सुपारी बाजूला ठेवून उभे राहत. उजवा पाय आपटून घंटा वाजवायची, डावा हात हँडलवर. हँडल एकेक खाच पुढे न्यायचे. सगळे एकदम फिरवले तर गाडी धक्का मारते आणि आतल्या बायका शिव्या घालतात. थांबवताना उजव्या हाताने ब्रेक आवळायचा. पावसात रूळ निसरडे झाले तर चाकापुढे वाळू सोडायची. काठी तारेवरून सुटली की दिवे जातात, गाडी थांबते, आणि कंडक्टरने मागे उतरून दोरीने ती काठी अंधारात पुन्हा तारेवर बसवायची. बसली की ठिणगी पडते. "नवरीच्या नाकात नथ घालण्यासारखं काम," ते सांगत, "आणि पन्नास जण बघतायत."

शेवटच्या थांब्यावर गाडी वळवायची नाही. तिला तोंड आणि पाठ असा भेदच नव्हता. काठी फिरवायची, हँडल काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, की मागचे पुढे झाले. तेहेतीस वर्षे त्यांनी हे केले. परिणाम असा झाला की, ते बैलगाडीत बसले तरी उजवा पाय आपटत. आमची बैलजोडी त्या आवाजाला बुजायची. देवळात आरतीच्या वेळी घंटा त्यांच्या हातात द्यायची नाही असा वाडीचा ठराव होता. कारण ते दोनच ठोके देत आणि थांबत, आणि दोन ठोक्यांनंतर सगळे पुढे सरकतील अशी अपेक्षा करत.

विजेच्या ट्रामने मुंबईचे काय केले, तर माणसाच्या पायांना जेवढी मुंबई पुरत होती ती वाढवली. घोड्याच्या ट्रामचे तीन आणे सुरुवातीला कारकुनालासुद्धा जड होते. विजेच्या ट्रामचा एक आणा पुढे कित्येक वर्षे मजुरालाही परवडे. एका आण्यात शहराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता येई, वाटेत गाडी बदलायची तर ट्रान्सफरचे तिकीट घ्यायचे, हे जुनी माणसे आजही असे सांगतात की तो आणा जणू त्यांनीच कंपनीकडून कमी करून घेतला होता. १९२० च्या सप्टेंबरात दुमजली ट्राम आल्या. वर बसले की वारा लागे आणि लोकांच्या माडीवर काय चालले आहे ते दिसे. एका आण्यात मुंबईने तेवढी करमणूक त्याआधी कधी दिली नव्हती. रेल्वेला विजेवर चालायचे सुचले ते १९२५ साली, ३ फेब्रुवारीला, बोरीबंदर ते कुर्ला; तोवर आमच्या लोकांना विजेची गाडी जुनी झाली होती.

ह्या एका आण्याच्या सुखाची दुसरी बाजू आमच्या वाडीत होती. तिथे दरमहा मनीऑर्डर यायची. पाच रुपयांची, सात रुपयांची. तिच्या खालच्या चिठोऱ्यावर दोन ओळी लिहायला जागा असे. बहुतेक संसार त्या दोन ओळींत झाले. ट्रामआजोबा वर्षातून एकदा येत, शिमग्याला नाहीतर गणपतीला. आगबोट पावसाळ्यात बंद. जूनपासून समुद्र खवळला की रत्नागिरी आणि मुंबई ह्यांच्यामध्ये जे काही उरे ते डोंगरातून: आंबा घाटाने कोल्हापूर, कोल्हापूरला आगगाडी, पुणे, मग मुंबई. त्यांची दुसरी मुलगी आषाढात तापाने गेली. तिकडे पत्र पोचायला चार दिवस गेले, आणि पत्र वाचून ते पावसातून घाटाने आले ते तेराव्याला. हे ते स्वतः कधी बोलले नाहीत. आजी एकदा सांगून गेली, तेही ट्रामचा विषय निघाला तेव्हा, आणि लगेच उठून चुलीपाशी गेली.

मामीआजीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, तोपर्यंत ट्राम पाहिलेली नव्हती. तिच्या मनात एक शंका मात्र लग्नापासून होती आणि ती ती आम्हा मुलांसमोरही बोलून दाखवी.

"कुठून निघते हो तुमची ट्राम?"

"कुलाब्याहून."

"जाते कुठं?"

"दादरपर्यंत."

"आणि मग?"

"मग परत कुलाबा."

"मग जाते कशाला?"

ट्रामआजोबांना ह्याचे उत्तर कधी सापडले नाही. कंपनीच्या नियमांच्या पुस्तकातही ते नसावे.

१९५७ साली मामीआजीच्या डोळ्याचे ऑपरेशन मुंबईला करायचे ठरले. बरोबर ट्रामआजोबा आणि, मे महिन्याची सुटी असल्यामुळे, नऊ वर्षांचा मी. ऑपरेशन झाले, डोळ्यावरची पट्टी निघाली, आणि आजोबांनी तिला बोरीबंदरला ट्राममध्ये बसवले. खालच्या मजल्यावर खिडकीपाशी. मी तिच्या मांडीवर ताडगोळ्यांची पुरचुंडी घेऊन. आजोबा बसले नाहीत. ते पुढे ड्रायव्हरच्या पाठीशी जाऊन उभे राहिले. ड्रायव्हर पोरगेला होता. त्याने दोनदा मागे वळून पाहिले, कारण तो घंटा द्यायच्या आधी पाठीमागून पाय आपटल्याचा आवाज येत होता. भायखळा गेले, लालबाग गेले, परळ गेले. आजी एक शब्द बोलली नाही. दादरला उतरल्यावर तिने त्या गाडीकडे नव्या डोळ्याने नीट पाहून घेतले आणि म्हणाली, "बसायला बाक होते की! मग तुम्ही तेहेतीस वर्षं उभे कशाला राहिलात?"

आजोबा हसले. मग त्यांनी तिला समोरच्या हॉटेलात नेऊन थंड पाजले. मलाही.

त्या वेळी ट्राम कंपनीची राहिलेली नव्हती. १९०५ च्या करारात म्युनिसिपालिटीने आपला विकत घेण्याचा हक्क पुन्हा घालून घेतला होता, मुदत बेचाळीस वर्षांची. आणि कोकणी माणूस गहाणखताची तारीख जशी विसरत नाही, तशी ती तारीख कॉर्पोरेशन विसरली नाही. बरोबर बेचाळीस वर्षांनी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, ट्राम, बस आणि वीज मुंबईच्या मालकीची झाली. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा आठ दिवस बाकी होते.

मालकी आली आणि ट्रामचे दिवस भरत आले. बस १९२६ च्या जुलैतच रस्त्यावर आली होती. तिला रुळांची गरज नव्हती आणि समोर हातगाडी आडवी आली तर ती बाजूने जाऊ शकत होती. ट्रामला हातगाडीवाल्याशी बोलावे लागे. रस्त्यावर मोटारी वाढल्या तशी ही मधोमध शांतपणे चालणारी गाडी सगळ्यांच्या डोळ्यांत खुपू लागली, आणि मोटारींच्या गर्दीला अडथळा कोणाचा, तर पन्नास माणसे एका वेळी नेणाऱ्या ट्रामचा, असा निवाडा झाला. मोटारीत एकेक माणूस बसलेला असे. पण तो निवाडा देणाऱ्यांपैकी असे. एकेक मार्ग बंद होत गेला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम निघाली. आत मुंगी शिरायला जागा नव्हती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते. एवढी माणसे रोज बसली असती तर, वगैरे म्हणण्यात काही अर्थ नाही. ट्रामआजोबा आदल्या पावसाळ्यातच गेले होते. त्यांचा पितळी बिल्ला मामीआजीने भाताच्या कणगीच्या कुलपाच्या किल्लीला अडकवून ठेवला. किल्ली हरवत नाही म्हणाली.

आणखी एक हिशेब सांगायचा राहिला. कोयनेचे पाणी घाटाखाली सोडून वीज करायचे काम १९६२ मध्ये सुरू झाले ते पोफळीला. पोफळी चिपळूण तालुक्यात, म्हणजे आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात. पन्नास वर्षे आम्ही मुंबईला विजेची गाडी हाकणारी माणसे पुरवली आणि शेवटी वीजही आमच्या डोंगराखालून तिकडे निघाली. ती निघाली न निघाली तोच गाडी बंद.

मुंबईत ट्राम आता नावापुरती उरली आहे, आणि तेही आद्याक्षरांत. दादरच्या खोदादाद सर्कलला लोक अजून 'टीटी' म्हणतात. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे तिथे उभ्या असलेल्या दहा तरुणांना विचारले तर दोघे सांगतात, तिघे रेल्वेतला तिकीट तपासनीस समजतात आणि उरलेले मोबाइलमध्ये बघतात. आणिक डेपोतल्या बेस्टच्या संग्रहालयात जुन्या ट्रामचे नमुने, तिकिटे, यंत्रे जपून ठेवली आहेत. नातवंडांना घेऊन जावे. मी नेले होते. नातवाने मला विचारले, "आजोबा, ह्याचं चार्जिंग किती वेळ टिकायचं?" वरून तार आहे, चार्जिंग लागत नाही, हे मी त्याला पाटाच्या पाण्याचा दाखला देऊन सांगायला गेलो, तर आधी पाट म्हणजे काय ते सांगावे लागले.

आमच्याकडे गाडी आली ती डिझेलची. सगळी कोकण रेल्वे विजेवर झाली ती २०२२ साली; २० जूनला त्याचा रीतसर समारंभ झाला. म्हणजे क्रॉफर्ड मार्केटच्या त्या दहा मिनिटांच्या फेरीनंतर एकशे पंधरा वर्षांनी रत्नागिरी जिल्ह्यातून विजेची गाडी नियमाने जाऊ लागली. त्या वर्षी गणपतीत मी मुंबईहून मुद्दाम तिच्याने आलो. खिडकीतून वर पाहिले तर तार होती, आणि टपावर काठीच्या जागी घडीची लोखंडी चौकट. ओकारी नाही, पडाव नाही, भर पावसात सात-आठ तासांत रत्नागिरी. फलाटावर उतरलो तेव्हा वाडीतल्या चुलतभावाला फोन लावला की पोचलो. स्टेशन गावापासून लांब, वर कुवारबावच्या बाजूला. बाहेर रिक्षावाल्याने माझी बॅग पाहिली, पाऊस पाहिला आणि आकडा सांगितला.

"अहो, मुंबईत एका आण्यात कुलाब्यापासून दादरपर्यंत नेत असत," मी म्हटले.

"कोण नेत असत?" रिक्षावाल्याने विचारले.

"आमचे मामाआजोबा."

"मग फोन करा त्यांना," तो म्हणाला, आणि माझी बॅग उचलून आत ठेवली.